तेविसावा अर्थ

हैबतीने पुडीतली सगळी तंबाखू सोनबाकाकाच्या ओंजळीत ओतली आणि कागद उन्हाकडे धरला.

"हैबत्या, म्या चिमूटभर मागितली व्हती," सोनबा म्हणाला.

हैबतीचं लक्ष नव्हतं. पोलादपूरच्या एसटी थांब्यावर वडाखाली तो उभा होता, आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात जाड इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता. इंग्रजी पहिलीत हैबतीने सहा महिने काढले होते. सातव्या महिन्यात घरचा एक बैल मेला आणि उरलेल्या बैलाला जोडीला कुणी तरी लागत होतं, म्हणून शाळा सुटली. पण अक्षरं ओळखीची राहिली होती. जी. ई. टी.

"काका, गेट."

"कोण आला?"

"गेट वो. हवालदाराचं गेट. हितं छापलंय, मराठी अर्थासकट."

सोनबाने कपाळाला लावायला हात उचलले, तंबाखू आठवली, आणि हात पुन्हा जिथल्या तिथे आणले. पुढचा सगळा वेळ तो तसाच, प्रसाद घेतल्यासारखा उभा होता.

गोष्ट अशी होती की त्याच सकाळी सोनबा नाते गावाहून परतला होता. नात्याच्या सयाजी हवालदाराची मुलगी बनू हैबतीसाठी मागायला तो गेला होता. हैबतीने बनूला गेल्या शिमग्यात एकदाच पाहिलं होतं. नात्याची पालखी नाचत होती, हवालदार पालखीच्या पुढे उलटा चालत भोयांना "गेट, गेट" असे हुकूम सोडत होता, आणि उलटा चालता चालता तो शेणाच्या उकिरड्यात बसला. सगळं गाव गंभीर राहिलं. एक मुलगी तेवढी पदर तोंडात कोंबून हसली. हैबतीही हसला. दोघांनी एकमेकांना हसताना पाहिलं आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले. तेव्हापासून हैबतीने तीन स्थळं नाकारली होती आणि कारण एकाचंही दिलं नव्हतं.

सयाजी हवालदार मोठ्या लढाईत दोन वर्षं इटलीत होता. तिथून तो एक खाकी शर्ट, आठ बोटं आणि इंग्रजी भाषा घेऊन आला. भाषा म्हणजे एकच क्रियापद. साहेब उठवताना गेट म्हणायचा, बसवताना गेट म्हणायचा, चहा मागताना आणि हाकलताना गेटच म्हणायचा. हवालदाराने दोन वर्षं बारकाईने ऐकलं आणि निष्कर्ष काढला की इंग्रजीत शब्द एकच आहे, बाकीचे शोभेला आहेत. त्या एका शब्दाचे त्याने स्वतः बावीस अर्थ गोळा केले होते.

"मग म्हनतो कसा," सोनबाने सकाळची हकीकत तिसऱ्यांदा सांगितली, "मला बावीस येतात. जावई एकानं तरी सरस पायजे. तेवीस सांगल त्याला पोरगी. शेतबित काय बघत नाय म्हनाला. महाडचा एक म्याट्रिक झालेला आला व्हता, तो नवावर बसला. पोहे खाऊन गेला."

"माझ्यासाठी कधीचं बोलावनं?"

"येत्या बेस्तरवारी. किती हायत रे कागदावर?"

हैबती बोट फिरवत मोजत होता. मिळवणे. आणणे. पोहोचणे. होणे. समजणे. कागदाच्या मागच्या बाजूला तो पुन्हा मोजत गेला. एकोणिसावा अर्थ होता निसटणे, आणि तिथे कागद संपत होता. खाली कोपऱ्यात विसाचा आकडा होता, आकड्यापुढे टिंब होतं, आणि टिंबापुढे काही नव्हतं.

"चार कमी हायत," तो म्हणाला.

"चार काय, कुटंबी गावतील."

"कुठं?"

सोनबाने ओंजळीकडे पाहिलं. "म्हाडच्या शेटकडं. परवाच्या बाजारी म्याच त्याच्याकडनं घेतली ही."

महाडच्या बाजारपेठेतले शेट दुसऱ्या दिवशी सकाळी नवी किलोची वजनं फडक्याने पुसत बसले होते. ती पुसायचं काम ते मन लावून करत होते, कारण गिऱ्हाईक अजून जुनीच मागत होतं. हैबतीने कागद पुढे ठेवला. शेटनी तो उलटासुलटा केला.

"वकिलांकडची रद्दी. कोश होता. पानं फाडून तारेला टोचली, वरचं वरचं काढायचं."

"म्हंजे ह्याच्या पुढचं पान पुढच्या गिऱ्हाइकाला गेलं असणार?"

"गेलंच."

"माझ्या काकाच्या मागं कोण व्हतं?"

शेटनी डोळे मिटले. हैबतीने श्वास रोखून धरला. शेजारी एक गाढव उभं होतं, त्यानेही कान हलवायचे थांबवले.

"एक बाई होती," शेट म्हणाले. "हळद नेली. शंभर ग्रॅम म्हटलं तर म्हणाली, मला छटाकच द्या. त्यावर बराच वेळ गेला, म्हणून लक्षात आहे."

"कुठल्या गावची?"

"हळदीला मी गाव विचारत नाही."

बाहेर येऊन हैबतीने सोनबाला विचारलं, तर तो भडकला.

"मागं व्हती ना ती? मागं डोळे हायत का मला?"

सहा दिवस होते. हैबतीने घरी जाऊन आईला सांगितलं की म्हशीचं तुम्ही बघा, आणि कागद टोपीत घालून निघाला. चालता चालता तो एकोणीस अर्थ पाठ म्हणायचा, आणि सातवा अर्थच पाठ करणे असा होता, तो आला की त्याला बळ चढायचं. सावित्री नदीच्या अलीकडची गावं झाली, पलीकडची झाली. प्रत्येक घराच्या अंगणात उभं राहून तो एकच प्रश्न विचारायचा.

"बाई, तुमची हळद कंच्या कागदात हाय?"

आता हा प्रश्न अनोळखी पुरुषाने विचारावा असा नाही. पहिल्या गावात बाया हसल्या. दुसऱ्या गावात त्यांनी कागद दाखवले. जुन्या वर्तमानपत्राचे होते. तिसऱ्या गावात एका म्हातारीने विचारलं की बाबा, तू सरकारी का, आणि हैबतीने घाईत मान हलवली, म्हणजे तो नाही म्हणाला, पण म्हातारीला ते हो वाटलं. सरकारने आधी पैसे बदलले होते, मग वजनं बदलली होती. आता सरकार हळद बदलणार हे ऐकून कुणाला नवल वाटलं नाही. चौथ्या गावात हैबती पोहोचला तेव्हा एकाही घरात हळद नव्हती. पाचव्या गावात तर त्याला पाटलाने खाट टाकली, नारळाचं पाणी पाजलं आणि शपथेवर सांगितलं की आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या हळद खात नाही.

बुधवारी हैबती घरी परतला. पायाला भेगा पडल्या होत्या. एकोणीस अर्थ इतके पाठ झाले होते की ते उलटेही येत होते.

"एकच गाव ऱ्हायलं," तो म्हणाला. "नाते."

"तिकडं पाऊल टाकायचं नाय," आई म्हणाली. "बोलणी चालू असताना नवऱ्या मुलानं मुलीच्या गावात हिंडायचं का रे? लोकं काय म्हनतील, ह्याला दम धरवत नाय."

"तिकडंच असंल तर?"

"असू दे. रीत ती रीत."

हैबतीने टोपी काढली, कागद पाहिला, पुन्हा टोपी घातली. त्या कोपऱ्यातल्या विसाच्या आकड्याचा त्याला आता राग यायला लागला होता.

गुरुवारी हवालदाराच्या ओटीवर घोंगडी अंथरली होती. हवालदार धोतरावर खाकी शर्ट घालून पाटावर ताठ बसला होता. सोनबा मांडी घालून, हैबती अर्धी मांडी घालून बसला. माजघराच्या दारात सूप मांडीवर घेऊन बनू बसली होती. सुपात तांदूळ होते.

"मोजणी पोर करंल," हवालदार म्हणाला. "एका अर्थाला एक दाणा बाजूला. माझ्या बोटांवर माझा भरोसा नाय, दोन इटलीत राहिली." मग त्याने आत पाहून आवाज दिला. "गेट पोहे."

आतून त्याची बायको ठकूबाई बशा घेऊन बाहेर आली. तिला पोहे हा शब्द ऐकावाही लागला नसावा. पोहे पांढरेफटक होते.

"हळद नाय घातली, राग मानू नका," ती म्हणाली. "कोन सरकारी माणूस फिरतोय म्हनं, घरोघर हळद तपासत. आमी पुरून ठेवलीय."

"लई कडक हाय म्हनतात," हवालदार म्हणाला. "कागदसुद्धा बघतो."

सोनबाला ठसका लागला. हैबती आपल्या पायाच्या भेगांकडे बघत राहिला. मान वर केली तेव्हा बनू त्याच भेगांकडे बघत होती. मग तिने हैबतीच्या टोपीकडे पाहिलं, आणि मग सुपाकडे.

"कर सुरू," हवालदार म्हणाला.

हैबतीने सुरू केलं. मिळवणे. आणणे. पोहोचणे. दाणे सुपातून निघत होते. प्रत्येक अर्थाला हवालदार डोळे किलकिले करून इटलीत जायचा, तिथे तपासायचा आणि परत येऊन मान डोलवायचा. सहावा, रोग जडणे, त्याने ताबडतोब मान्य केला; तो रुग्णालयात ऐकला होता. सातव्याला अडला.

"पाठ करणे? हे मिलिटरीत नव्हतं."

"छापलेलं हाय, हवालदार."

"असंल. मिलिटरीत पाठ करायला कुणी येत नाय." त्याने बोट वर केलं. "दाणा ठेव, बनू. पुढं."

अकरावा अर्थ चढणे होता, बारावा उतरणे. हवालदार पाटावरून अर्धा उठला.

"एकच शब्द? चढायला बी आनि उतरायला बी?"

"एकच."

"बघ," हवालदार सोनबाला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, म्हनून राज्य केलं त्यांनी. आपल्याकडं चढायचं येगळं, उतरायचं येगळं. माणूस मध्येच थकतो."

सोनबाने गंभीरपणे मान हलवली. त्याला चढणं आणि उतरणं दोन्ही माहीत होतं, पण तो इथे पुतण्याच्या बाजूने आला होता.

हैबतीचा आवाज आता चढला होता. पंधरा. सोळा. हवालदार मांडीवर थाप मारत होता, ठकूबाई दाराशी येऊन उभी राहिली होती, शेजारचे दोघे कुडावरून डोकावत होते. अठरा. एकोणीस, निसटणे. दाणा पडला.

मग काही पडलं नाही.

हैबतीने बशीतले पोहे संपवले. ते मघाशीच संपले होते, म्हणून त्याने बशीच्या काठाला चिकटलेला एक पोहा शोधला आणि तो खाल्ला. कोपऱ्यातला विसाचा आकडा त्याला डोळ्यांसमोर दिसत होता. टिंबही दिसत होतं.

"एकोणीस," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "म्याट्रिकवाल्यापेक्षा लई. पन शब्द तो शब्द."

हैबतीने माजघराकडे पाहिलं. बनूने पुढचा दाणा चिमटीत उचलून धरला होता. चिमूट हलत नव्हती.

"वीस," हैबती म्हणाला. "म्हैस व्याल्यावर पारडू पयल्यांदा उभं ऱ्हातं, पडतं, पुन्यांदा उभं ऱ्हातं. ते."

कुडावरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

"येवढं सगळं एका शब्दात?" हवालदाराने विचारलं.

"एका शब्दात."

हवालदार इटलीत गेला. या वेळी त्याला यायला वेळ लागला. "खेचर व्यालं नाय कधी," तो विचार करत म्हणाला, "पन खेचर उभं ऱ्हाताना साहेब गेट म्हनला व्हता. म्या ऐकलंय. ठेव दाणा."

दाणा पडला.

"एकवीस. कशेडीच्या घाटात ट्रक अडकतो, आजूबाजूची गावं गोळा व्हतात, समदे सल्ला देतात, आनि ढकलत कुनीच नाय. ते."

"अगदी," हवालदार ओरडला. "अगदी असंच झालं. जीप चिखलात. साहेब बोंबलतोय गेट, गेट, आनि आमी चाळीस माणसं कडेला उभी. तवा मला वाटलं ढकला म्हनतोय. हा अर्थ व्हय त्याचा." त्याने कपाळाला हात लावला. "चौदा वर्षं झाली. आज कळलं."

दाणा.

"बावीस," हैबती म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण जीभ आता आपोआप चालत होती. "नदी उतरताना पायाखालचा दगड हलतो. आपुन पडत नाय. पन पलीकडं जाऊन बसलं तरी पाय हलतच ऱ्हातो. ते."

ठकूबाई दारातून म्हणाली, "ह्ये मला व्हतं."

"तुला इंग्रजी कुठनं येतं गो?" हवालदार म्हणाला, आणि खुणेनेच दाणा ठेवायला सांगितलं.

बावीस झाले होते. हवालदाराच्या बरोबरीचे. कुडावर आता पाच डोकी होती. सोनबाने जानव्यासारखा उपरण्याचा पीळ हातात घट्ट धरला होता. हैबतीला काही सुचत नव्हतं. त्याने खाली पाहिलं. हातात रिकामी बशी होती.

"तेवीस," तो हळू म्हणाला. "मुलगी बघाया आलेला मानूस. पोहे कवाच संपलेत. तरी बशी खाली ठेवत नाय. ते."

या वेळी हवालदाराने डोळे किलकिले केले नाहीत. तो इटलीत गेलाच नव्हता. तो हैबतीच्या बशीकडे बघत होता. त्याच्या कपाळावर एक आठी पडली, दुसरी पडली.

"हा मला बरोबर वाटत नाय," तो म्हणाला. "साहेब मुलगी बघाया कशाला जाईल? बनू, हा धरायचा का सोडायचा?"

कुडावरची डोकी माजघराकडे वळली. बनूने चिमटीतला दाणा पाहिला. मग तो इतरांशेजारी ठेवला, नीट, ओळीत.

"तेवीस झाले, आबा."

"इंग्रजीत हाय म्हनतेस?"

"नसता तर मोजला असता का म्या?"

हवालदाराने पाटावर थाप मारली. "गेट सुपारी," तो म्हणाला, आणि ठकूबाई सुपारी आणायला गेली.

नात्याहून महाडकडे येताना गांधारी नदीच्या काठी सोनबा एका खडकावर बसला. त्याला आता तंबाखू हवी होती, आणि या वेळी ती नेमकी चिमूटभरच हवी होती.

"सांग की रे," तो म्हणाला. "ते चार अर्थ कुठं गावले तुला?"

हैबतीने खिसा चाचपला. ठकूबाईने निघताना आईसाठी हळदकुंकू दिलं होतं. कुंकवाची डबी वेगळी, हळदीची पुडी वेगळी. पुडी बनूने बांधून आणली होती. बांधायला तिला बराच वेळ लागला होता, इतका की आतून ठकूबाईने दोनदा हाक मारली. हैबतीने ती पुडी खिशातून काढली. कागद पिवळा झाला होता. पिवळ्या कागदावर छापील अक्षरं होती आणि पहिल्या ओळीच्या आधी आकडा नव्हता, कारण तो त्याच्या टोपीतल्या कागदावर होता.

त्याने पुडी हलक्या हाताने उघडली. उठणे, हा विसावा होता. मग जमणे. मग सुटणे. तेविसावा होता राहून जाणे. म्हशीचं कुठे नव्हतं. ट्रकचं नव्हतं. नदीचं नव्हतं. त्याने कागद फिरवला, हळद या बाजूची त्या बाजूला केली आणि पुढे वाचत गेला. यादी एकेचाळीसपर्यंत होती.

"काय लिवलंय?" सोनबाने विचारलं.

"एकेचाळीस हायत, काका."

सोनबा खडकावरून उठला. "म्हंजे हा कागद हवालदाराच्या घरातच व्हता?"

"आठ-धा दिवस."

"आनि हवालदाराच्या हाती लागला असता तर?"

"जावयाला बेचाळीस लागले असते."

सोनबाने पाण्याकडे पाहिलं. "लगीनच झालं नसतं पोरीचं," तो म्हणाला. मग त्याला आणखी काही तरी सुचलं असावं, कारण तो हळूच हसला आणि पुन्हा बसला.

हैबती अजून वाचत होता. एकेचाळिसाव्याच्या खाली कोरी जागा होती. तिथे पेन्सिलीने, चौथीतल्या वळणदार अक्षरात, घाईने पण आकड्यासकट एक ओळ लिहिली होती.

४२. पोहे संपल्यावरही बशी खाली न ठेवणे.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, आतला जुना कागद खिशात ठेवला, आणि पुडीतली सगळी हळद टोपीत ओतली. नवा कागद झटकला, घडी केली आणि पहिल्या कागदाच्या आत सरकवला.

"टोपी पिवळी व्हईल, हैबत्या," सोनबा म्हणाला.

"व्हऊ दे," हैबती म्हणाला, आणि भरलेली टोपी दोन्ही हातांत धरून तो पाण्यात उतरला.